दहा मिनिटं पुढचा कोड

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीकाका मोबाइलचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात. लोकल चुकू नये म्हणून. निवृत्तीनंतर लोकलचा आणि त्यांचा संबंध सुटला तो सुटलाच, घड्याळ मात्र पुढचं पुढेच राहिलं. डोंबिवलीत अशी घड्याळं घरटी एक सापडतील आणि त्यांनी आजवर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. आता त्यातल्याच एका घड्याळाने अख्ख्या सोसायटीचं दप्तर कुलपात घातलं आहे.

दप्तर म्हणजे सभासदांची यादी, ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट, इतिवृत्तं, कन्व्हेयन्सचे कागद. पूर्वी हे सगळं ऑफिसातल्या लोखंडी कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली वॉचमनकडे. मग एका उत्साही कमिटीने कपाट भंगारात काढलं आणि दप्तर क्लाउडवर चढवलं.

यंदा क्लाउडवाल्यांनी फर्मान काढलं, की नुसता पासवर्ड चालणार नाही, दुसरा पुरावा द्या. मागणी वाजवी आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सायबर सुरक्षेवर पोट असलेले वाचक लांबलचक पत्रं धाडतात. पासवर्ड चोरीला जातात हे खरं. आमचा तर चोरायचीही गरज नव्हती, सोसायटीचं नाव आणि पुढे १२३, एवढा तो होता. तेव्हा काकांच्या फोनमध्ये ऑथेंटिकेटर अ‍ॅप बसवायचं ठरलं. बी-विंगमधल्या मुलाने ते बसवलं, घड्याळ 'ऑटोमॅटिक' केलं, पहिला कोड टाकून दाखवला, चहा घेतला. तो लिफ्टने खाली पोहोचेपर्यंत काकांनी घड्याळ परत दहा मिनिटं पुढे केलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर एकच ओळ. 'कोड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.'

आता या अ‍ॅपची गंमत अशी, की कोड कुठूनही येत नाही. ना इंटरनेटवरून, ना एसएमएसने. अ‍ॅप बसवताना जो चौकोनी क्यूआर स्कॅन करतात त्यात एक गुप्त किल्ली असते, ती फोनमध्येही राहते आणि क्लाउडवाल्यांकडेही. मग १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रीनिचची मध्यरात्र, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच) आजवर तीस-तीस सेकंदांचे किती तुकडे झाले ते दोघं आपापल्या घड्याळावर मोजतात, किल्लीशी त्याचं गणित मांडतात आणि सहा आकडे काढतात. दोन्हीकडचे आकडे जुळले की दार उघडतं. २०११ साली हे सगळं रीतसर प्रमाण म्हणून लिहून ठेवलं गेलं. थोडं इकडेतिकडे चालावं म्हणून एखाद्या तुकड्याची सूटही बहुतेक ठिकाणी असते. पण दहा मिनिटं म्हणजे वीस तुकडे. काकांचा फोन वीस कोड पुढे धावत होता. काही अ‍ॅप आपलं घड्याळ आपणच दुरुस्त करून घेतात म्हणे. काकांचं अ‍ॅप काकांवर गेलं होतं.

"काका, घड्याळ ऑटोमॅटिक करा ना," असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. काका म्हणाले, "कशाला? माझं बरोबर आहे. त्यांचं मागे आहे."

तोडगा काढला तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाईंनी. त्या म्हणाल्या, कोड चुकलेला नाही, लवकर आलेला आहे. लिहून ठेवा, दहा मिनिटं थांबा आणि मग टाका. टाकला. दार उघडलं! तेव्हापासून आमच्या ऑफिसात लॉगिनचा मुहूर्त निघू लागला. अकरा वाजता काकांनी कोड वाचायचा, खजिनदारांनी वहीत उतरवायचा. नवव्या मिनिटाला पासवर्ड टाकून ठेवायचा, कारण आधी टाकला तर पान कंटाळून बंद पडतं. दहाव्या मिनिटाला एकाने घड्याळावर नजर ठेवून "सावधान" म्हणायचं आणि टायपिंग बरं असलेल्या सभासदाने सहा आकडे टाकायचे. मुहूर्त टळला की पुन्हा दहा मिनिटं. तेवढ्यात चहा व्हायचा, थकबाकीदारांचा उद्धार व्हायचा, कमिटीत एकोपा वाढला. मग खजिनदारांच्या डोक्यात एक विचार आला, जो क्लाउड कंपनीतल्या कुठल्याही तज्ज्ञाच्या डोक्यात येऊ नये म्हणून मी प्रार्थना करतो. घड्याळ दहा मिनिटं पुढे नेलं की दहा मिनिटांनंतरचा कोड मिळतो, तर मग रविवारवर नेलं की रविवारचा मिळेल. मिळाला. त्या दुपारी दोघांनी काकांचा फोन पुढे पुढे ढकलत महिन्याभराच्या सगळ्या रविवारांचे, सकाळी अकरा ते अकरा वाजून पाच मिनिटांपर्यंतचे कोड काढले, छान एक्सेलमध्ये मांडले, प्रिंट घेतली आणि वॉचमनच्या टेबलामागे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी टांगली. सोसायटीचं पंचांग! कुणीही यावं, वार बघावा, वेळ बघावी, आत जावं. जी गोष्ट तीस सेकंदांत मरावी म्हणून जगातल्या हुशार माणसांनी एवढं डोकं खर्च केलं, ती आमच्याकडे महिनाभर भिंतीवर नांदली आणि क्लाउडवाल्यांना त्यात काहीही वावगं दिसलं नाही. घाईत असलेल्या प्रामाणिक माणसाला दाराबाहेर, पंचांग बघून येणाऱ्या कुणालाही आत. पडद्यावर हिरवी खूण यायची, 'तुमचं खातं सुरक्षित आहे.'

पंचांग संपलं आणि काका न्यू जर्सीला गेले. मुलीकडे, बाळंतपणासाठी, म्हणजे निदान सहा महिने. तिथे उतरल्या उतरल्या त्यांनी घड्याळ लावलं. टाइमझोनच्या भानगडीत न पडता, हाताने, साडेनऊ तास मागे. आणि मग सवयीने दहा मिनिटं पुढे. गणिताच्या बाईंनी हिशेब मांडला. साडेनऊ तासांचे ११४० कोड मागे, त्यातले वीस वजा, म्हणजे काका आता ११२० कोड मागे होते. पुढचा कोड थांबून तरी वापरता येतो, मागच्याचं काय करणार? काकांनी मात्र रोज इमानेइतबारे फोन करून शिळे कोड कळवले आणि खजिनदारांनी ते रोज टाकले. शेवटी खातं म्हणालं, प्रयत्न फार झाले, थोड्या वेळाने या. थोडा वेळ म्हणजे किती, ते सांगायची पद्धत नाही.

इथे मला चेष्टा पुरे वाटते. पलीकडच्या यंत्राला हे ओळखता येत नाही, असं कुणी समजू नये. आलेला कोड दहा मिनिटांनंतरच्या तुकड्याशी जुळतो का, हे ताडून बघायला त्याला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागणार नाही. फोनचं घड्याळ किती सरकलंय ते नोंदवून ठेवण्याची सोय त्या २०११ च्या लिखाणातच सुचवलेली आहे. निदान पहिल्या फेरीला 'एकदा फोनची वेळ तपासा' एवढी ओळ छापायला काय जातं? तर म्हणे, चोराला माहिती मिळेल. कुठल्या चोराला? जगातल्या प्रत्येक घड्याळावर लिहिलेली वेळ चोराला आम्ही सांगणार आणि तो श्रीमंत होणार! खरी गोष्ट एवढीच, की 'चुकीचा आहे' म्हटलं की दोष माणसाचा होतो, आणि माणूस एकदा चुकीचा ठरला की त्याच्यासाठी दुसऱ्या टोकाला पगारी माणूस बसवावा लागत नाही. आमच्या बँकेच्या शाखेत तुसड्या स्वभावाचा एक कारकून होता. पण तो निदान तोंड वर करून "सही जुळत नाही, 'र' वेगळा काढलाय" असं सांगायचा. आपण पुन्हा सही करायचो, तो मान हलवायचा. सगळं जग आता त्या कारकुनाइतकंही बोलायला तयार नाही. लोकांच्या आयुष्यभराच्या फोटोंवर, पगाराच्या स्लिपांवर, मेलेल्या बापाच्या इन्शुरन्सच्या कागदांवर हे बसलेत, आणि फोन आपटला, हरवला, म्हातारपणी बटणं चुकली, की उत्तर काय, तर 'पुन्हा प्रयत्न करा'.

नाही म्हणायला खाली निळ्या अक्षरांत 'दुसरा मार्ग वापरून पहा' असं असतं. पाहिले. एसएमएस काकांच्या भारतातल्या नंबरवर, ज्याचं रिचार्ज संपलंय. व्हॉइस कॉल त्याच नंबरवर. आणीबाणीसाठीचे बॅकअप कोड काकांनी शिस्तीत डाउनलोड करून 'महत्त्वाचे' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेत आणि ते फोल्डर याच खात्यात आहे. अ‍ॅडमिन सगळं रिसेट करू शकतो, आणि अ‍ॅडमिन म्हणजे काकाच. दोन अ‍ॅडमिन ठेवा, असं शहाणे सांगतात, पण आमच्याकडे दुसरा सेक्रेटरी म्हटलं की दोन गट पडतात. तक्रार नोंदवायला गेलो तर तक्रारीच्या पानाने आधी लॉगिन मागितलं. मदतीच्या लेखात पहिलीच पायरी होती, 'तुमच्या खात्यात जाऊन सुरक्षा सेटिंग उघडा'. आणि लेखाच्या खाली दोन अंगठे, एक वर, एक खाली, 'ही माहिती उपयोगी वाटली का?' या अंगठ्यांवर मी एकदा स्वतंत्र लिहिणार आहे. खालचा अंगठा दाबला की 'धन्यवाद' म्हणतात, हो!

एवढ्यात काकांच्या लेकीला सगळा प्रकार कळला. सुज्ञ मुलगी. तिने वडिलांचा तो रखडत चालणारा फोन एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेऊन दिला. नव्यावर तेच अ‍ॅप टाकलं. अ‍ॅप उघडतं, आत काही नाही. किल्ली जुन्या फोनबरोबर गेली. काकांनी व्हिडिओ कॉलवर नवा फोन कॅमेऱ्यासमोर धरून आम्हाला दाखवला. वेळ सेकंदाला सेकंद बरोबर होती.

इकडे ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची, तिची नोटीस चौदा दिवस आधी काढायची, आणि नोटिशीसोबत जोडायचा ताळेबंद आत. खजिनदारांनी आठवेल तसा ताळेबंद लिहिला. सभा झाली. थकबाकीदारांची यादीही आतच असल्याने यंदा सोसायटीत कुणीही थकबाकीदार नव्हता. वर्षभर मेंटेनन्स न भरलेले डी-विंगचे गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी उभं राहून क्लाउड सुरक्षेबद्दल समाधान व्यक्त केलं आणि एक पुरावा कमी पडतो, तिसराही असावा, अशी सूचना मांडली. तिला अनुमोदन मिळालं. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत तातडीने सोसायटीच्या खात्यात अपलोड करण्याचे अधिकार सेक्रेटरींना देण्यात आले.