एका बाटलीत साडेसात क्रेट

एडिसन, न्यू जर्सी
शनिवार दुपार, कपडे मशिनीत आहेत

ती. आई आणि आण्णांना सा. न.,

काल फोनवर तू जे काही बोललीस ते आम्ही तिघांनीही ऐकलं. फोन स्पीकरवर असतो हे तुला अजून पटलेलं नाही. "आपण टोमॅटोवाले, आणि माझ्या लेकीच्या फ्रीजात टोमॅटोचा रस विकतचा? गावात बोलू नकोस कुणाला." एवढं बोलून तू फोन आण्णांच्या हातात दिलास, आणि आण्णांनी नेहमीप्रमाणे "बरंय ना सगळं? ठेवतो मग" करून ठेवून दिला. माझी बाजू राहिलीच. म्हणून हे पत्र, मैत्रिणीच्या सासूबाई पुण्याला निघाल्यात त्यांच्या बॅगेतून. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

आधी जावयांचं सांगते. ते बारीक झालेले नाहीत. व्हिडिओवर दिसले तेव्हा मागे दिवा होता आणि त्यांनी काळा शर्ट घातला होता. वजनकाट्याचा फोटो वहिनीच्या फोनवर पाठवलाय, बघून घे आणि विषय संपव.

आणि एक मला कळत नाही. गोठ्यामागच्या उसात बिबट्या येऊन बसला हे तू "आला होता, गेला" अशा सुरात सांगतेस, आणि माझ्या फ्रीजातल्या एका बाटलीने तुझी रात्रीची झोप उडते. वनखात्याने पिंजरा लावला का? बापू अजून रात्री एकटेच मोटार चालू करायला जातात का? त्यांना म्हणावं, बॅटरी आणि काठी घेऊन जा आणि सोबत कुणीतरी असू दे. पम्या असला तर उत्तम, तो नुसता बोलत राहिला तरी बिबट्या कंटाळून जाईल.

आता बाटली. तू रस म्हणतेस तो सॉस आहे. चांगल्यातली घेतली तर 680 ग्रॅमला नऊ डॉलर. आण्णा, रुपयात करू नका म्हटलं तरी तुम्ही करणारच, तेव्हा मीच करून देते. साडेसातशे रुपये धरा. मागच्या वर्षी बापूंच्या मालाला वीस किलोच्या क्रेटमागे शंभर रुपये सुटले होते, म्हणजे एका बाटलीत साडेसात क्रेट. दीडशे किलो टोमॅटो! आणि 2023 च्या जुलैत आपल्या नारायणगावात क्रेट दोन हजारांवर गेला होता तो भाव धरला, तर त्याच बाटलीत साडेसात किलो. बाटली तीच, तिच्यावरची किंमतही जवळपास तीच. वरखाली झालो ते आपणच. हा हिशोब मी दुकानात त्या फळीसमोर उभी राहून मोबाईलवर करत होते, आणि मागची बाई "एक्स्क्यूज मी" म्हणून थकली.

स्वस्त बाटल्याही मिळतात, अडीच-तीन डॉलरच्या. पण लेबल वाचायची सवय मला आण्णांनीच औषधांच्या डब्यांवरून लावली. इथे जे सगळ्यात जास्त घातलंय ते आधी लिहायचा कायदा आहे. स्वस्तातलीवर काय, तर टोमॅटोची पेस्ट पाण्यात कालवलेली, मग साखर, सोयाबीनचं तेल, कांद्याची पावडर, लसणाची पावडर. महागातलीवर अख्खे सोललेले टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, कांदा, लसूण, मीठ, बेझिल. म्हणजे जास्तीचे सहा डॉलर मुख्यतः साखर न घातल्याबद्दल.

आणि हा धंदा किरकोळ समजू नका. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राओज नावाची 1896 सालची खाणावळ आहे, तिथे टेबल मिळणं मुश्कील. त्यांनी 1992 पासून आपला सॉस बाटलीत भरून विकायला घेतला. 2024 मध्ये तो सॉस विकणारी कंपनी सूपवाल्या कॅम्पबेलने 2.7 अब्ज डॉलरला घेतली. आण्णा, शून्यं मोजत बसू नका, जेवण थंड होईल.

आता इथला एक नियम ऐका. न्यू जर्सीत मे 2022 पासून दुकानात प्लास्टिकची पिशवी बंद. बरं झालं, आपल्याकडे 2018 पासूनच बंदी आहे आणि भाजीवाला अजूनही खालून हळूच काढून देतो. पण इथे मोठ्या किराणा दुकानांत कागदी पिशवीसुद्धा बंद! घरून नेली नसेल तर जाडजूड नवी विकत घ्या, नाहीतर सामान उराशी धरून चालायला लागा. कापडी पिशवीची घडी खिशात ठेवून फिरणाऱ्या आण्णांना मी कॉलेजात असताना हसायचे. आता आमच्या गॅरेजमध्ये विकत घेतलेल्या पिशव्यांचा डोंगर झालाय, आणि दुकानाच्या दारात पोचेपर्यंत त्यातली एकही कधी गाडीत नसते. गेल्या महिन्यात सॉसवर सूट होती म्हणून ह्यांनी सहा बाटल्या घेतल्या. "परत पिशवी विकत घेणार नाही" म्हणून हट्टाने टी-शर्टचा ओचा केला आणि निघाले. पार्किंगमध्ये एक निसटली. पांढऱ्या बुटांवर, पांढऱ्या पट्ट्यांवर, सगळीकडे लाल. एक बाई गाडी थांबवून विचारायला लागली, अँब्युलन्स बोलावू का? तुमचा नातू चिकू म्हणाला, "नो, इट्स जस्ट मरिनारा."

कपडे ड्रायरमध्ये टाकून आले.

तू म्हणशील, मग घरी का नाही करत? केला ना! ऐक.

या राज्याला गार्डन स्टेट म्हणतात आणि अर्ध्या तासावर खरोखरची शेतं आहेत. ऑगस्टात तिथे आपल्या हाताने टोमॅटो तोडायला जायचं असतं. आपण तोडणीच्या बायकांना हजेरी देतो. इथे तोडायला आलेल्या बायका शेतकऱ्याला पैसे देतात, वर त्याच्या ट्रॅक्टरसोबत फोटो काढून घेतात. बापूंना हे जरा बसवून सांगा. नारायणगावापासून पुणे काही लांब नाही, हिंजवडीतली मंडळी रविवारी बसने येतील.

मी मात्र फोटो काढला नाही. पहिल्याच ओळीत वाकले आणि टोमॅटोच्या पानांचा तो वास आला. झाड बांधलेलं वेगळं होतं, आपल्यासारखं तार-बांबू नव्हतं, माती वेगळी होती, पण वास तोच. थोड्या वेळात बोटं काळी-हिरवी झाली. शाळेच्या आधी तोडायला लावायचात तेव्हा अशीच व्हायची. साबण लावला की फेस हिरवा-पिवळा निघायचा, तरी नखांच्या कडेला राहायचंच. गणिताच्या वहीच्या प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात माझा अंगठा उमटलेला असायचा. बाईंनी एकदा वर्गासमोर हात पुढे करायला लावले होते, आणि आण्णा दुसऱ्या दिवशी आपले स्वतःचे हात दाखवायला शाळेत आले होते. तर इथल्या शेतावरून घरी येईपर्यंत मी हात धुतले नाहीत. गाडीत ह्यांनी वास येतो म्हणून काच खाली केली. मी वर केली. त्यांनी काही विचारलं नाही.

असो. गौरींना कोण कोण आलं होतं ते वहिनीने कळवलं, पण आत्याबाई का आल्या नाहीत ते कुणीच सांगत नाही. परत जमिनीवरूनच का?

तर तो पंचवीस पाउंडाचा, म्हणजे सव्वाअकरा किलोचा माल घेऊन मी शेजारच्या इटालियन आजींकडे गेले. या आजींच्या घरात दोन स्वयंपाकघरं आहेत. वरचं पाहुण्यांना दाखवायला, तिथे चमचासुद्धा जागचा हलत नाही. खरा स्वयंपाक तळघरात. तिथे दुसरी शेगडी, मोठाली पातेली, जुनं टेबल. आई, तुझी परसातली चूल आठवली. गॅस आल्यावरही पुरणाला आणि मटणाला तीच.

आजींचं शास्त्र कडक. टोमॅटोच्या बुडाला फुलीची चीर द्यायची, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून साल काढायची, मग हाताने फिरवायच्या चाळणीच्या यंत्रातून गाळायचं, म्हणजे बिया वेगळ्या. ऑलिव्हच्या तेलात लसूण घालायचा, पण त्याला रंग येऊ द्यायचा नाही, कडू होतो म्हणे. आपल्याकडे लसूण लाल झाल्याशिवाय फोडणीला कुणी फोडणी म्हणत नाही. पण तळघर त्यांचं, उलथनं त्यांच्या हातात, मी गप्प. साखर? विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू आत्याबाईंच्या पातळ आमटीकडे पाहतेस. मग मंद आचेवर ठेवून आटवत बसायचं. दोन-अडीच किलो टोमॅटोचा जेमतेम लिटरभर सॉस होतो.

बाटल्या भरायची वेळ आली तेव्हा मी इथल्या शेती खात्याची सूचना वाचून दाखवली. लिटरभराच्या बाटलीत दोन टेबलस्पून लिंबाचा रस घालायचा, कारण टोमॅटोचा आंबटपणा काठावरचा असतो. कमी पडला तर बोटुलिझमचे जंतू वाढतात, आणि त्यांचं विष जिवावर बेततं. इथवर पटलं. पण तो रस ताज्या लिंबाचा चालत नाही! बाटलीतलाच हवा, कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा आणि कारखान्यातल्याचा ठरलेला. म्हणजे विकतची बाटली नको म्हणून घरी सॉस करायचा, आणि तो टिकवायला विकतची बाटली आणायची. आजी म्हणाल्या, माझ्या आईने असलं काही घातलं नाही. मी म्हटलं, आजी, तुमच्या आईइतकी धीट नाही मी, मला भीती वाटते. शेवटी रस घातला.

चव? आई, खोटं कशाला सांगू, त्या नऊ डॉलरच्या बाटलीला झोपवलं आपल्या सॉसने. जावयांनी वाटी पुसून खाल्ली आणि मग वही काढली. टोमॅटो पाउंडाला दीड डॉलर, तेल, बाटल्यांची झाकणं, गाडीचं पेट्रोल. 680 ग्रॅमची बाटली धरली तर सात डॉलरच्या आसपास गेली. "आणि तुझा अख्खा शनिवार, ताशी मजुरीने..." इथे मी वही मिटली. शेतकऱ्याच्या घरात कुणी घरच्यांची मजुरी धरतं का? धरली असती तर तुम्ही कधीच टोमॅटो लावला नसता.

पण हे ऑगस्टचं झालं. जानेवारीत इथल्या दुकानात जो टोमॅटो मिळतो तो अनेकदा हिरवा तोडून इथिलीन वायूने लाल केलेला असतो. बाहेरून लाल, आतून पांढरट, वास शून्य. त्याचा घरी केलेला सॉस केवळ घरी केला म्हणून चांगला म्हणायचा का? मी नाही म्हणणार. त्यापेक्षा उन्हात पिकलेल्या टोमॅटोची डबाबंद किंवा बाटलीबंद चव शंभर पटींनी बरी. माझं म्हणणं एवढंच आहे. माल चांगला तर घरी करावं, माल भिकार तर गुपचूप विकत आणावं, आणि आणलेल्याला लसणाची लाल फोडणी आणि तुझ्या काळ्या मसाल्याची चिमूट देऊन आपलंसं करावं. आजींना हे सांगितलेलं नाही.

आण्णांसाठी एक. इथल्या रटगर्स विद्यापीठाने 1934 मध्ये कॅम्पबेल कंपनीच्या मदतीने रटगर्स नावाचं टोमॅटोचं वाण काढलं. तेव्हा कॅम्डेन गावात सूपच्या कारखान्याबाहेर हंगामात टोमॅटोच्या गाड्यांच्या रांगा रस्ताभर लागायच्या. जुने फोटो पाहिले, डिट्टो नारायणगावचा उपबाजार, फक्त चहाची टपरी नाही. बियाणं पाठव म्हणाल तर पाठवणार नाही. तुम्हीही पम्याचं ऐकून पार्सलात बियांची पुडी घालू नका, परवान्याशिवाय इथे कस्टमवाले सोडत नाहीत.

आणि आई, राहता राहिलं. विकतच्यावरून मला एवढं ऐकवलंस, पण पम्याच्या साखरपुड्याला मासवडी बाहेरून मागवली होती म्हणे! साडेतीनशे वड्या! वहिनीने फोटो पाठवलाय, मागे टेम्पोवरचं नावसुद्धा वाचता येतं. "पाहुणे फार होते" हे कारण मला मान्य आहे. तसंच माझंही धर.

ताईच्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? जिना चढायला लागल्या की लगेच त्यांचं मत बदलेल आणि ताईला परत माहेरी सोडणार नाहीत, तेव्हा तिला आताच चार दिवस आणून घ्या.

बापूंनी या वेळी किती लावलाय ते नीट कळवा. गेल्या वेळी "थोडासाच" म्हणून दीड एकर निघाला होता.

तुमची,
बेबी

ता. क. काळा मसाला संपत आलाय. पाठवशील तेव्हा कुरिअरवाल्याला त्यावर नुसतं 'पावडर' असं लिहू देऊ नकोस, मागच्या वेळी ह्यांना ऑफिस सोडून फोनवर तासभर खुलासा करावा लागला. 'मसाला, घरगुती' असं लिही. आणि घरगुती म्हणजे घरगुतीच, गिरणीवाल्याकडचा तयार नको, मला वासावरून कळतं.