बटाटे गेले, मारुती राहिला

पुण्याच्या पेठांतल्या देवांची नावे ऐकून परगावचा माणूस दचकतो. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, आणि कहर म्हणजे खुन्या मुरलीधर! पुणेकरांनी देवालाही सोडले नाही, असे त्याला वाटते. खरे तर हे नगरपालिकेचे काम लोकांनी फुकटात उरकलेले आहे. पावलोपावली मारुती असलेल्या गावात पत्ता सांगायचा तरी कसा? मग शेजारचा बाजारच देवाला चिकटवला. जिथे पासोड्या विकल्या जात, तिथला तो पासोड्या. शनिवारवाड्यापुढचा बटाट्या मारुती तर भलताच चिवट. भाजीबाजार तिथे भरत होता तेव्हाचे हे नाव. १८८६ साली मंडईची इमारत उघडली, बटाटे तिकडे गेले. मारुती नावासकट जागेवर.

यात देवाचा मान काय राहिला, असे कोणी म्हणेल. मान आरतीत ठेवावा. रिक्षावाल्याला नुसते ‘मारुतीच्या देवळापाशी’ सांगून पाहावे. आता फोनमध्ये नकाशा आहे म्हणावे, तर तो बोळाच्या तोंडाशी आणून गप्प होतो. पुढचे काम कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे: ‘उपाशी विठोबावरून डावीकडे.’ सांगताना त्याने वर्तमानपत्रातून मान वर करावी, ही अपेक्षा मात्र पेठेत ठेवू नये.