विनापरवाना वाळू

तारकर्लीहून सेनगावला परतून आज १७ दिवस झाले, तरी आमच्या घरात वाळू निघतेच आहे. बुटांतून निघाली, ते समजण्यासारखं होतं. पण ती चष्म्याच्या घरातून निघाली, लेकीच्या कंपासपेटीतून निघाली आणि काल तर चहापत्तीच्या डब्याजवळ चिमूटभर दिसली. तिथवर ती कोणाच्या पायानं गेली हे कोडंच आहे. सुट्टीत निवांत वाचू म्हणून एक जाडजूड पुस्तक नेलं होतं. नवव्या पानावर मला झोप लागली, ती चारही दिवस. परवा ते उघडलं तर २१२व्या पानाच्या बेचक्यात वाळूची बारीक रेघ. माझ्या पुढं वाचत गेली होती बिचारी.

यंदा हळदीची पट्टी बऱ्यापैकी हाती आली, म्हणून मे महिन्यात हा समुद्राचा घाट घातला. इकडून तारकर्ली सातशेएक किलोमीटर. फोंडा घाट उतरताना आमच्या पोटातलं सगळं ढवळून निघालं आणि खाली माडांचं घामट कोकण समोर आलं. रिसॉर्टातल्या पलंगावर टॉवेलाचा हंस करून ठेवलेला होता. बायकोला तो मोडवेना, म्हणून पहिल्या दिवशी आम्ही चौघांनी एकाच टॉवेलानं अंग पुसलं. घरी आल्यावर तिनं तसाच हंस करून पाहिला. झाली ती खुडूक कोंबडी. दिवसभर पलंगावर बसून राहिली आणि संध्याकाळी मीच तिला उलगडून न्हाणीत नेलं.

रात्री अडीचला गाडी दारात लागली तेव्हा गल्ली काळोखात बुडालेली. माय ओट्यावर बाज टाकून सुपानं वारा घेत बसली होती. "डीपी जळाली बापू, परवाच्यानं," ती म्हणाली. गावात कोणी वारल्याचं सांगावं तसा आवाज. आदल्याच रात्री मी रिसॉर्टातल्या पोराला, एसी फार गार करतो म्हणून गाऱ्हाणं सांगितलं होतं. त्याच्या तोंडावरचं अदबशीर हसू मला त्या अंधारात लख्ख दिसलं.

सकाळी शेजारच्या काकांनी माझ्या सोललेल्या नाकाकडं बराच वेळ पाहिलं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत वाढलेली माणसं आम्ही. ऊन आमच्या घरचं. "एवढं काळं व्हायला पैसे कितीक लागले?" काकांनी विचारलं. "माझ्या वावरात आला असतास, तर वरून जेवाय घातलं असतं." मालवणी खाजं गल्लीत वाटलं. गूळ आणि आल्यात घोळलेली ती बेसनाची कांडी काकूंनी दोन्ही गालांत फिरवून पाहिली आणि निकाल दिला, "शेवच हाय की ही. रुसून बसलेली."

वाळूला मात्र आमच्याकडं मोठा मान आहे. इथं वाळू ही रात्री येणारी वस्तू. शंभर घनफुटांचा एक ब्रास. त्याचा भाव हळू आवाजात सांगतात. पावती असेल तर ती उजेडात येते, नसेल तर हायवाचे दिवे मालवून. स्लॅबवर आलेलं घर घेऊन बसलेला माणूस वाळूवाल्याच्या फोनसाठी जेवणावरून उठतो. अशा मुलखात अर्धा महाराष्ट्र ओलांडून मी बिनपावतीची वाळू आणली होती. उद्या कोणी पंचनाम्याला आलंच, तर वाहन म्हणून धाकट्याची चड्डी जप्त करावी लागेल. सर्वांत जास्त माल तिच्याच खिशांत होता. समोरच्या बांधकामावरच्या मिस्त्रींना मी गमतीनं चिमूटभर दाखवली. त्यांनी ती बोटांत चोळली, जिभेला लावली आणि थुंकले. "खारी हाय सर. भिताडाला पोपडे आणती, गज खाती. फुकट दिली तरी नको."

माय समुद्रावर आलीच नव्हती. म्हैस कोण पाहील, म्हणाली. त्यामुळं आम्हालाच तो तिला सांगावा लागला, आणि समुद्र सांगायला गेलं की फार लवकर संपतो. पाणी, पाणी आणि पुन्हा पाणी, पुढं काय? मी सिंधुदुर्ग किल्ल्यावर आलो. १६६४ साली महाराजांनी भर समुद्रातल्या बेटावर त्याचं काम काढलं. चहूकडं खारं पाणी, आणि आत तीन गोड्या विहिरी: दूध, दही आणि साखर. आमच्या वावरातल्या विहिरीनं मेमध्ये तळाचे दगड दाखवले होते. माय सूप खाली ठेवून ऐकायला लागली. "साखर इहीर," ती पुटपुटली. "राजानं आधी पाणी चाखलं असंल, मग दगड लावला असंल." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आपली कयाधू तिकडंच जाती का रे?" आता मी पडलो मास्तर. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, पुढं प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी पूर्वेचा बंगालचा उपसागर, असं सगळं बोटांवर मोजून सांगितलं. तिनं पूर्वेकडं पाहिलं, मग माझ्या सोललेल्या नाकाकडं. "म्हंजी तुम्ही पाण्याकडं पाठ करून गेलाव."

यावर काय बोलणार?

गेल्या आठवड्यात दुपारी पाणी प्यायला गेलो. माठाखाली जुनी नदीची वाळू असते, काळसर, नेहमीची. तिच्यावर एक पांढुरकी चकती पसरलेली दिसली. रोज झाडताना सुपलीत येणारी वाळू माय उकिरड्यावर टाकतच नव्हती. चाळणीनं चाळून, दोन पाण्यांनी धुऊन, खार काढून तिनं ती माठाखाली अंथरली होती. भरली असेल दीड वाटी. माठ पाझरत होता, वाळू ओली होती आणि मधोमध नखाएवढा एक शिंपला. मी वाकून बघत राहिलो.

"त्या लाटा रातीला तरी थांबतेत का?" मागून मायनं विचारलं.

नाही म्हणालो. तिनं ओंजळभर पाणी घेऊन वाळूवर शिंपडलं.

डीपी बसून आता दहा दिवस होत आले. फ्रिजातल्या बाटल्या मात्र भरल्या तशाच आहेत.