तीन शिट्ट्या

आमच्या एडिसनच्या कंपूत त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे ‘लीडर’ म्हणतात. वहिनीही म्हणतात, पण त्यांच्या तोंडी तो शब्द जरा तिखट लागतो. पुण्यात कॉलेजात असताना तो एका ट्रेकिंग ग्रुपात होता. एकदा राजमाचीच्या वाटेवर खरा लीडर जुलाबाने आडवा झाला आणि त्याच्या गळ्यातली शिट्टी याच्या गळ्यात आली. ती याने परत केलीच नाही. पंचवीसेक वर्षं झाली, देश बदलला, पासपोर्ट बदलला, गुडघेही बदलायच्या बेतात आहेत; शिट्टी मात्र तीच.

न्यू जर्सीत चार मराठी घरं एकत्र आली की त्यांत असा एक निघतोच. हा गृहस्थ सोमवार ते शुक्रवार कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि शनिवारी माणसांना निसर्गात नेऊन सोडतो. सोडतो म्हणजे काय, सोडत नाहीच. निसर्गात पाऊल टाकल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत आपण त्याच्या ताब्यात असतो.

यंदा ऑगस्टमध्ये तो आम्हाला पोकोनोजमधल्या ‘प्रॉमिस्ड लँड’ स्टेट पार्कात घेऊन गेला. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट पार्कांचं कॅम्पिंगचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं. एवढ्या आधी मुंबईत लोक हॉल धरतात, आणि तेव्हा निदान मुलगी तरी ठरलेली असते. इथे अकरा महिन्यांनी पाऊस असेल की ऊन, नोकरी असेल की नसेल, काही माहीत नसताना लीडरने सहा कुटुंबांसाठी एकाला एक लागून सहा जागा धरल्या, पावत्या लॅमिनेट केल्या आणि ग्रुपवर निरोप टाकला : ‘मंडळी, सोपा ट्रेक आहे. आपली गूगल शीट भरावी.’

त्या शीटमध्ये चौऱ्याहत्तर ओळी होत्या. ‘तंबू’ सोळाव्या ओळीवर होता. पहिल्या पंधरांत पोहे (जाड), पोहे (पातळ, चिवड्यासाठी), खोबरं, ते खवायला खवणी, लसणाची चटणी, मेतकूट, साजूक तूप आणि ‘कोथिंबीर (धुतलेली, निवडलेली)’ असा मजकूर. माझ्या नावासमोर ‘हिंग’ लिहिलं होतं. एवढीशी डबी माझ्याकडे दिल्याचा मला थोडा अपमान वाटला. मी विचारलं तर तो गंभीरपणे म्हणाला, “अरे, सगळ्यात जबाबदारीचं काम आहे ते. त्या जंगलात काळी अस्वलं आहेत. अस्वलाला हिंग सोसत नाही.” ही माहिती त्याला कुठे मिळाली हे मी आजवर विचारलेलं नाही. अस्वलालाही कोणी विचारलेलं नसावं.

एडिसनपासून शंभरेक मैल. शुक्रवारी दुपारी सहा गाड्यांचा ताफा निघाला. पुढे लीडरची सिएना, तिच्या टपावर दोरखंडाने बांधलेली सतरंजी. स्टेट पार्काच्या तोंडाशी ताफा थांबला, कारण लीडर पाकीट हातात धरून तिकीटखिडकी शोधत होता. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कात शिरायला पैसे पडत नाहीत, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तरी दर वेळी तो खाली उतरतो, इकडेतिकडे बघतो आणि कोणाला तरी काही तरी द्यायचं राहिलं अशा चेहऱ्याने परत गाडीत बसतो. फुकट मिळालेल्या निसर्गावर त्याचा विश्वास बसत नाही.

नियमांच्या बाबतीत मात्र तो रेंजरपेक्षा कडक. झाडांची कीड एका गावाची दुसऱ्या गावी जाऊ नये म्हणून जळाऊ लाकूड जिथे पेटवायचं तिथेच जवळपास विकत घ्यायचं असतं. आमच्यातल्या एकाने घरामागचा तुटलेला मेपल डिकीत घालून आणला, तेव्हा लीडरने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू चंदनाची तस्करी पकडली. दारूला या पार्कांत बंदी आहे. म्हणून त्याने प्रत्येक थर्मास स्वतः हुंगला आणि कोकम सरबत निघालं तिथे ‘चालेल’ असा निवाडा दिला. रेंजरची जीप दिसली की तो उठून उभा राहायचा. आत बसलेली पोरगी विशी-बाविशीची असेल. ती हात हलवायची, हा ‘येस मॅम’ म्हणायचा आणि आम्हाला पोटं आत घ्यायला लावायचा.

चार वाजता तंबू लागायला सुरुवात झाली. तंबू म्हणजे झोपण्यापुरता आडोसा, असा आपला समज असतो. लीडर जे उभारतो तो संसार असतो. सहा तंबूंच्या मध्ये ताडपत्रीचा मांडव, मांडवात ओटा (दोन घडीची टेबलं), ओट्यावर दोन शेगड्यांचा कोलमन स्टोव्ह, बाजूला मिसळणाचा डबा, झाडाला अडकवलेलं पंचांगाचं कॅलेंडर, तंबूबाहेर चपलांची रांग. तासाभरात आपण जंगलात आलो आहोत याची एकही खूण उरली नाही. शेजारच्या जागेवर एक गोरे आजोबा एकटेच आलेले होते. एक तंबू, एक खुर्ची, एक पुस्तक, एक डबाबंद घेवडा. ते पुस्तकावरून अधूनमधून आमच्याकडे पाहत होते. गावात सर्कस उतरताना लोक पाहतात, तसे.

लीडरला मी एकदा विचारलं होतं, तू एवढं सगळं का नेतोस? आपण कॉलेजात असताना एका सॅकमध्ये जायचो की. तो म्हणाला, “तेव्हा वर कोणीतरी मावशी असायची.” हे त्याचं बोलणं मला पटलं. सिंहगडावर धापा टाकत पोचलं की पिठलं-भाकरी, कांदा आणि मडक्यातलं दही समोर येतं. राजमाचीला गावातल्या कोणाच्या तरी ओसरीवर ताट वाढलेलं असतं. आपल्याकडच्या गडावर माणूस उपाशी राहत नाही, कारण वर आधीच कोणाची तरी चूल पेटलेली असते. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात तुमच्या आधी फक्त झाडं पोचलेली असतात. तेव्हा मावशीची जागा रिकामी आहे, असं लीडरच्या मनाने घेतलं आणि तिथे तो स्वतः रुजू झाला.

शनिवारी ‘ट्रेक’. तळ्यातल्या कन्झर्व्हेशन आयलंडला पुलावरून जायचं आणि झाडीतून बेटाला एक वेढा घालून परत यायचं. सगळी मिळून मैलभराची वाट. चढ शोधावा लागतो. या वाटेसाठी लीडरच्या पाठीवर पन्नास फूट दोर, प्रथमोपचाराची पेटी, दोन विजेऱ्या (सकाळचे दहा वाजले होते), इलेक्ट्रालची पाकिटं आणि एक नारळ होता. नारळ कशाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. निघण्यापूर्वी सगळ्यांना पॅन्टी मोज्यांत खोचायला लावल्या. इथल्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो, त्यामुळे यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण पंचवीस मराठी माणसं मोज्यांत पॅन्टी खोचून ओळीने उभी राहिली की एखाद्या बरखास्त झालेल्या बँडपथकासारखी दिसतात, त्याला इलाज नाही.

वाटेत व्याख्यान. शेकर नावाच्या पंथाचे लोक इथे शेती करायला आले, जमीन उकरली तर नुसते धोंडे, आणि जाताना चिडून या जागेला ‘प्रॉमिस्ड लँड’ म्हणून गेले, अशी इथली आख्यायिका आहे. लीडरला ती मान्य नाही. “धोंडे लागले म्हणून सोडून जातात? मावळातल्या माणसाने याच धोंड्यांत नाचणी काढली असती.” पुढे एकोणिसाव्या शतकात लाकूडवाल्यांनी इथलं जंगल साफ केलं. मग राज्याने जमीन घेतली आणि १९०५ मध्ये पार्क लोकांसाठी खुलं झालं. १९३३ पासून रूझवेल्टच्या योजनेतली बेकार पोरं इथे तळ ठोकून राहिली. त्यांनी झाडं लावली, रस्ते केले, लाकडी केबिनी बांधल्या. महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी जायचे.

“म्हणजे आपली रोजगार हमीच की,” लीडरच्या आई म्हणाल्या.

आजी त्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या होत्या. नऊवारी नाही, पण साडीच, आणि पायात नातीचे बूट. ७२ च्या दुष्काळात त्यांच्या माहेरच्या गावाला पाझर तलावाचं काम निघालं होतं, बायका रणरणत्या उन्हात खडी फोडायच्या. त्यांनी वर पाहिलं. हेमलॉकच्या गर्द सावलीत उभ्या राहून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “यांना सुकडी मिळायची का रे?”

लीडरकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की तो शिट्टी वाजवून सगळ्यांना पुढे काढतो. त्या घाईत आजी मागे राहिल्या. दोन मिनिटांनी मागून त्यांचा हरखलेला आवाज आला, “अगं बाई! बेल!”

वळून पाहतो तर एका खोडाशी त्या वाकलेल्या. हात पुढे. खोडावर चढलेला वेल, हिरवागार, लुसलुशीत, आणि प्रत्येक देठाला नेमकी तीन पानं. श्रावण चालू होता, परवा सोमवार होता, आणि दोन महिन्यांत त्यांनी एडिसनला देवळाबाहेर बेलाचं पान पाहिलं नव्हतं. त्यांना दिसला तो साक्षात महादेवाचा प्रसाद. तो होता पॉयझन आयव्ही. हात लागला की कातडीवर फोड उठतात आणि पुढे आठ-पंधरा दिवस माणूस स्वतःला खाजवत देवाचं नाव घेतो.

मैलभराच्या त्या सपाट वाटेवर लीडर त्या दिवशी प्रथमच धावला. दोर, नारळ, विजेऱ्या सगळ्यासकट. त्याने फुंकलेल्या शिट्टीने तळ्यावरची बदकं उडाली. “आई, हात लावू नकोस! विष आहे ते!”

आजींनी हात मागे घेतला, पण नजर नाही. “विष असलं म्हणून काय झालं? त्यालाच वाहणार होते. हलाहल पचवलंय त्याने.”

यावर लीडरने पहिल्यांदाच शिट्टी तोंडातून काढली आणि नुसता उभा राहिला.

संध्याकाळी त्या सगळ्याचा शीण उतरावा म्हणून साधं वरण-भात करायचं ठरलं. साधं म्हटल्यावर वेळ लागतोच. कोणी मिसळणाचा डबा गाडीत ठेवला, कोणी गाडीची किल्ली तंबूत, आणि तंबू कोणाचा ते अंधारात कळेना. दरम्यान एका रॅकूनने भाकरवडीचा पुडा पळवला. हिंगाचा वास त्याला सोसला असं दिसतं. सगळं जमून कुकर चढला तेव्हा नऊला दहा मिनिटं होती. रात्री नऊनंतर कॅम्पमध्ये शांतता पाळायची असते. लीडर घड्याळ हातात धरून कुकरसमोर बसला. त्या कुकरला कधी कोणी एवढ्या अजीजीने पाहिलं नसेल.

झाडीत रातकिड्यांशिवाय आवाज नव्हता. तळं काळंभोर, निपचित. आणि त्यात ती शिट्टी झाली. आपल्या चाळीत, आपल्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी ऐकूही येत नाही. चहूबाजूंनी मैलोन्‌मैल जंगल असलं की तिला रेल्वे इंजिनाचा आवाज असतो, हे मला तेव्हा कळलं. दोन मिनिटांनी दुसरी. मग तिसरी. लीडरने गॅस बंद केला. आठ अठ्ठावन.

आठ एकोणसाठला शेजारच्या आजोबांचा तंबू फाटल्यासारखा उघडला. डोक्याला दिवा, एका हातात प्रथमोपचाराची पेटी, दुसऱ्या हातात ब्लँकेट, पायात बुटांच्या नाड्या सुटलेल्या. “कोणाला लागलंय? कुठे आहे पेशंट?”

आम्ही पंचवीस जण पत्रावळी मांडून बसलो होतो. पेशंट म्हणून दाखवावं असं कोणी नव्हतं.

आजोबांना दम लागला होता. त्यांनी खुलासा केला की इकडे जंगलात तीन शिट्ट्या म्हणजे संकटाची खूण. तीनदा वाजली की कोणीतरी मदत मागतंय, असं समजून धावायचं. त्यांनी मोजल्या होत्या. दुसरीलाच बूट चढवायला घेतले होते.

लीडरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पंचवीस वर्षं गळ्यात शिट्टी घालून हिंडणाऱ्या माणसाला या गोष्टीची कल्पना नव्हती असं नाही; ती त्याच्या शीटमध्ये एकाहत्तराव्या ओळीवर होती. पण ती नियमावली होती आणि हे वरण होतं. वरणाला तीन शिट्ट्या लागतात हे ज्ञान त्याच्या हाडात फार आधी गेलेलं. घरोघरी रोज संध्याकाळी आपण मदतीसाठी टाहो फोडतो आणि शेजारी ढुंकूनही पाहत नाही, एवढाच याचा अर्थ.

“बसवा त्यांना,” आजी म्हणाल्या. “माणूस जेवायच्या वेळी आलाय.”

आजोबा बसले. मांडी जमेना, म्हणून आमच्या एकुलत्या एका कूलरवर बसले. वरण-भात, वर तुपाची धार, बाजूला मेतकूट. त्यांनी मेतकुटाकडे बोट दाखवून हे काय विचारलं. सहा इंजिनियरांनी सहा भाषांतरं केली. एकाने ‘डाळींची पावडर’ सांगितलं, एकाने ‘आजारी माणसाचं अन्न’. ते ऐकून आजोबांनी पुन्हा एकदा आमच्यात पेशंट शोधला. दुसऱ्यांदा भात घेताना त्यांनी काही विचारलं नाही. ब्लँकेट आजींनी मांडीवर घेऊन ठेवलं होतं, ते त्यांनी रात्रभर परतही मागितलं नाही.

रविवारी पहाटे मला जाग आली. बाहेर धुकं होतं. तळ्याच्या काठावर एका धोंड्यावर लीडर एकटाच बसलेला दिसला, मान खाली, अगदी स्तब्ध. गळ्यात शिट्टी नव्हती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी याला जंगलातली शांतता सापडली. मी पाय न वाजवता जवळ गेलो.

“बोलू नकोस,” तो कुजबुजला. हातात फोन होता, वर आभाळाकडे धरलेला. “सगळ्या पार्कात फक्त याच दगडावर रेंज येते. पुढच्या जुलैचं बुकिंग आज उघडतंय.”

मी बाजूला बसलो. फोनवर एक चक्र गोल गोल फिरत होतं.

“किती जागा?” मी हळूच विचारलं.

“सात. आजोबांना विचारलंय, ते येतायत.” मग थोडा वेळ त्याने त्या चक्राकडे पाहिलं. “दोनच शिट्ट्या करू. वरण जरा बोटचेपं राहील.”