हरकतकाका

वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचणारी माणसं दोन प्रकारची: एक क्रिकेटवाली, दुसरे आमचे हरकतकाका. सकाळी आपटे वाचन मंदिरात पेपर हातात पडला की ते थेट जाहीर नोटिशींच्या बारीक टायपात शिरतात. सरकार पडलं तरी त्यांना दुपारी कळतं. पण कुठल्या कारखान्याची जनसुनावणी कुठल्या हॉलमध्ये, किती वाजता, हे तोंडपाठ. "तीस दिवस आधी नोटीस पाहिजे. ही एकोणतीसच दिवस भरत्यात," म्हणत बोटांची पेरं मोजतात. कपाळावर आठी असते, पण मनातून गडी खूश असतो.

काका हयातभर यंत्रमागावर जॉबर. दहा माग एकदम खडखडत असताना बिघडलेला कुठला, हे डोळे मिटून सांगणारा माणूस. मागावरून उतरल्यावर तो कान त्यांनी सरकारकडे लावला. सुरुवात विजेच्या दरानं झाली. इचलकरंजीत ती सगळ्यांचीच तिथूनच होते. इथलं पोरगं 'आई' म्हणायच्या आधी युनिटचा दर विचारतं. वीज नियामक आयोगाच्या पुण्यातल्या सुनावणीला काका पहिल्यांदा गेले आणि आदेशाच्या शेवटी हरकतदारांच्या यादीत त्यांचं नाव छापून आलं. ते पान लॅमिनेट होऊन देवघराशेजारी लागलंय. काकू दर दिवाळीला त्यावरची धूळ झटकतात आणि "ह्यांचं सातवं शास्त्र" म्हणतात.

त्यांचा शब्द एकच: "लिहून द्या." दूधवाल्याला, डॉक्टरला, व्याह्यांना. नातवाच्या बारशात नाव ठरल्यावर "हरकती-सूचना कुणाच्या आहेत काय?" असं त्यांनी खरोखर विचारलं होतं.

मग आलं कोकणातलं जैतापूर. माडबनच्या सड्यावर येणार फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी 1650 मेगावॅट, म्हणजे एकूण 9900. जनसुनावणी 16 मे 2010 ला, माडबनलाच. काका अणुस्कुरा घाट उतरून गेले. तिथं एकानं विचारलं, "तुम्ही इचलकरंजीचे, तुमचा इथं काय संबंध?" काका म्हणाले, "वीज तारेतनं आमच्याकडं येणार न्हवं? मग शंका तिकडनं इकडं येणारच की." गावकऱ्यांचं म्हणणं होतं की पर्यावरण अहवालाची मराठी प्रत वेळेवर मिळालीच नाही. काकांचा तर जीव तिथंच अडकला. नियमभंग सापडला की ते दुसरं काही ऐकत नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयानं 35 अटी घालून मंजुरी दिली. त्या अटी काकांनी वहीत उतरवून घेतल्या आणि वर्षभर गल्लीत भेटेल त्याला एकेक ऐकवली. आम्ही रस्ता बदलायला लागलो.

त्यांचा लाडका प्रश्न मात्र मला तेव्हा निव्वळ वेडेपणाचा वाटायचा. "आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. भट्टी थांबवली की थांबती काय?" अहो काका, शास्त्रज्ञांनी एवढा विचार केला नसेल काय? मग 11 मार्च 2011 उजाडला. फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच नियमाप्रमाणे बंद पडल्या. पण इंधनातली उष्णता बटणानं बंद होत नाही. भट्टी बंद केल्या क्षणीही पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता उरते. ती काढायला पाणी फिरवायचं, त्याला पंप, पंपाला वीज, बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर. आणि ते जनरेटरच त्सुनामीत बुडाले. काका दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. "जनरेटर कुठं ठेवणार, एवढंच विचारायचं हुतं मला." लोडशेडिंगच्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्न सुचावा, यात नवल ते काय. माडबनचा सडा समुद्रापासून बराच उंच आहे, असं कुणी समजावलं की म्हणतात, "किती मीटर? लिहून द्या."

अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झालं, पण तेव्हा ते उत्तरदायी होतं कुणाला, तर अणुऊर्जा आयोगाला. आणि आयोगाचे अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचेच सचिव. हे कळल्या दिवशी काका जेवले नाहीत. 2012 मध्ये कॅगनं आपल्या अहवालात मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं, तेव्हा "कॅगनं माझीच हरकत उचलली" म्हणत त्यांनी पेढे वाटले.

त्यात कुणीतरी त्यांना सांगितलं की फ्रान्समध्ये प्रत्येक अणुवीज केंद्रापाशी कायद्यानं स्थानिक माहिती समिती असते. तिच्यात निवडून आलेले लोक, कामगार संघटना, पर्यावरणवाले बसतात आणि केंद्राला प्रश्न विचारतात. काकांचे डोळे चमकले. "भट्टी फ्रेंच घ्येताय न्हवं? मग ती कमिटी पण त्याच बोटीतनं मागवा की!" हे पत्र रजिस्टरनं मुंबईला, अणुशक्तिनगरात गेलं. पोचपावती आली. काकांच्या लेखी पोचपावती म्हणजे निम्मा विजय.

दोन गोष्टींवर ते विनोद करत नाहीत. एप्रिल 2011 मध्ये जैतापूरविरोधी आंदोलनात, साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. तो विषय निघाला की काका चष्मा काढून पुसत बसतात. आणि 2012 च्या उन्हाळ्यात आमच्याच गावात दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसं दगावली. तेव्हापासून पंचगंगेच्या पाण्याचा तपासणी अहवाल दर महिन्याला मागायचा, हा त्यांचा नेम झाला. माहिती अधिकाराचे दहा रुपये ते भाजीच्या पैशांतून काढतात. काकूंना ते माहीत आहे.

जैतापूरची भट्टी अजून उभी राहिलेली नाही. काकांची फाइल मात्र लाल फडक्यात मावेना. परवा पुन्हा आले, कुठल्याशा नव्या प्रकल्पावरची हरकत घेऊन. चार पानं, शेवटी सह्यांना जागा. मी पेन काढलं.

"वाचल्याबिगर सही करताय?" काका डाफरले. मग मी मुकाट्यानं चारही पानं वाचली, चहा गार झाला, आणि सही केली.

"तारीख टाका," ते म्हणाले. "ते लोक तारखेवरच पकडत्यात."