पारायणी पेटीमास्तर

भजनी मंडळ तिथे पेटीमास्तर असायचाच, आणि जोयडा तालुक्यात तो बहुधा निवृत्त प्राथमिक शिक्षक असतो. रामनगरात असेल, कुंभारवाड्यात असेल, ठेवण तीच. गळा बेताचा, हात बरा, शिस्त कडक. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा त्याने बेळगावला जाऊन मध्यमापर्यंत दिलेल्या असतात, आणि पुढे विशारद का झाला नाही याचं कारण तो न विचारता सांगतो. नवी पोरं अभंगांना सिनेमाच्या चाली लावून वाट लावतात, हे त्याचं आवडतं दुःख. दुःख खरं आहे, पण त्यावर त्याने शोधलेला उपाय भयंकर असतो. मंडळाचे सगळे अभंग स्वरलिपीत उतरवायचे, तेही कॉम्प्युटरवर.

वहीत उतरवले असते तर पुढच्या एकादशीपर्यंत काम झालं असतं. पंडित भातखंड्यांनी (1860–1936) सोय किती सुटसुटीत करून ठेवली आहे! मंद्र स्वराला खाली बिंदू, तार स्वराला वर बिंदू, कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, समेला फुली आणि खालीला शून्य. देशभर हिंडून त्यांनी जमवलेल्या चिजा याच खुणांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत बसवल्या. मास्तरांच्या मंद्र कोमल निषादाला मात्र रेघही खालीच आणि बिंदूही खालीच. साध्या टायपिंगमध्ये रेघ बिंदूला गिळते, बिंदू वाचवावा तर रेघ तुटते. रामनगरचा डीटीपीवाला म्हणतो, “मास्तर, बिंदू पेनाने द्या की!” मास्तर त्याच्याशी बोलणं टाकतात.

मग पुण्याचा नातू फोनवर म्युझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचं नाव सांगतो. फुकट आहे म्हटल्यावर मास्तरांची अर्धी शंका फिटते. उतरवून घेतल्यावर कळतं, की त्याला ‘सा’ कळत नाही. सी, डी, ई कळतं, तेही पाच रेघांवर. “आजोबा, काही अडलं तर एफ-वन दाबायचं.” मास्तर एफ-वन दाबतात. ती मदत इंटरनेटवर असते, आणि इंटरनेट गावामागच्या टेकडीवर असतं. सुपा धरणाच्या पायथ्याशी गणेशगुडीला वीज तयार होते आणि मास्तरांच्या घरातली जाते, हा तर निराळाच विषय. तेव्हा पाठीला लॅपटॉप, हातात काठी आणि कमरेला कोयता अशा थाटात मास्तर मदत आणायला निघतात. वाटेत कुणी विचारलं तर “जरा मींड बघून येतो” म्हणतात. लोक समजतात, जनावर असेल.

टेकडीवर मदत भरपूर मिळते, पण आवृत्ती तीनची. मास्तरांकडे चार. लेखात सांगितलेलं बटण त्यांच्या पडद्यावर नसतं आणि पडद्यावर असलेल्या बटणाबद्दल लेख गप्प असतो. तरीही मास्तरांनी एक वाट काढली, आणि ती खरोखर चांगली आहे: स्वर इंग्रजी अक्षरांनी पाच रेघांवर ठेवायचे आणि त्यांच्याखाली गीताचे शब्द लिहायच्या जागी ‘सा रे ग म’ टंकायचं. स्पेस दाबली की पुढचा स्वर. काम इथेच संपायला हवं होतं. पण तोवर मास्तरांना मदतीचीच गोडी लागलेली असते.

त्यातच लिलीपाँड भेटतं. 1996 साली दोन डच तरुणांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर उंदराने चालत नाही, लिहून चालतं. म्हणजे मास्तरांच्या पिंडाचंच. शिवाय त्याचा मदतग्रंथ पीडीएफमध्ये मिळतो, सिग्नल लागत नाही. शेकडो पानं दांडेलीहून छापून, स्पायरल घालून येतात आणि पोथीसारखी लाल फडक्यात जातात. रोज सकाळी स्नानानंतर एक अध्याय. मूळ डच वळणाने तीव्र मध्यमाला ‘फिस’ आणि कोमल गांधाराला ‘एस’ म्हणायचं हे समजल्यापासून काकूंना स्वयंपाकघरात “फिस, फिस” ऐकू येतं. त्या आधी मांजर शोधत होत्या, आता शोधत नाहीत.

एवढं करून कणस्वर काही अक्षराच्या खांद्यावर बसेना, म्हणून मास्तरांनी परदेशातल्या एका जाणकाराला पत्र लिहिलं. मास्तरांच्या प्रश्नाला प्रस्तावना असते. सप्रेम नमस्कार, मग तालुक्याची ओळख, जुनं सुपा गाव काळी नदीच्या पाण्याखाली कसं गेलं, विस्थापित रामनगरला कसे आले, त्यांच्यासोबत भजनं कशी आली, भातखंडे कोण, पलुसकर कोण, दोघांच्या लिपीत फरक काय. मूळ प्रश्न शेवटच्या ओळीत, तोही अर्धा. नातवाने इंग्रजी करून पाठवलं. उत्तर एका दिवसात आलं: “आवृत्ती कुठली? छोटं उदाहरण पाठवा.”

“नमस्कार नाही, चमत्कार नाही!” मास्तर दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी पोथी उघडली तर तिथेही तेच: प्रत्येक फाईलच्या माथ्यावर आधी आवृत्ती लिहावी. मास्तरांनी छोटं उदाहरण करायला घेतलं. अभंगातून ध्रुवपद काढलं, ध्रुवपदातून एक ओळ, ओळीतून चार मात्रा. त्या चार मात्रा लिहिताना चूक कुठे आहे ते त्यांचं त्यांनाच दिसलं. पत्राची गरज उरली नाही, पण मास्तरांनी ते पाठवलंच. कष्ट वाया का घालवायचे?

2024 च्या ऑगस्टमध्ये फिनाले बंद होत असल्याची बातमी आली, तेव्हा मास्तरांनी ती मंडळात गंभीरपणे सांगितली. 1988 पासूनचं स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर! मृदंगवाल्याने विचारलं, “आपल्याकडे होतं काय ते?” नव्हतं. तरी मास्तरांनी त्या दिवशी भैरवी जरा लांबवली.

आजवर अडीच अभंग स्वरलिपीत आले आहेत. ‘मदत कशी शोधावी’ या विषयावर मात्र मास्तरांची दोनशे पानी वही भरत आली आहे, चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या. तालुक्यात आता ते स्वतःच जाणकार आहेत. परवा एकादशीला टाळ सरसावून मंडळी बसली, गाणाऱ्या पोराने पेटीकडे वाकून विचारलं, “मास्तर, काळी एक धरू की काळी दोन?”

मास्तरांनी चष्मा पुसला. “आधी आवृत्ती सांग.”