तीन नंबरचा बावटा

परदेशात एकट्याने फिरायला निघालेल्या मराठी माणसाबरोबर निदान तीस-चाळीस माणसं असतात. त्यांचं तिकीट काढावं लागत नाही, एवढीच काय ती बचत. आई असते, दोन मावश्या असतात, सोसायटीचे सेक्रेटरी असतात, 'तिकडे जातोच आहेस तर' म्हणणारा शाळासोबती असतो. ही सगळी मंडळी खिशातल्या फोनमध्ये बसून विमानात चढतात आणि चाकं जमिनीला टेकायच्या आत विचारतात, 'पोचलास? फोटो टाक.'

माझी एक भाची अशीच एकटी निघाली. सप्टेंबर २०२४, म्हणजे ऐन गणपतीत. 'गणपती सोडून चालली' हा आहेर घरून निघतानाच मिळाला होता. त्यामुळे आता ट्रिप नुसती चांगली होऊन भागणार नव्हतं, गणपती सोडण्याच्या लायकीची व्हायला हवी होती. प्राग, व्हिएन्ना, हॉलस्टॅट, साल्झबुर्ग असा बेत. रंगीत एक्सेल शीट. हिरवं म्हणजे तिकीट काढलेलं, पिवळं म्हणजे पायी, लाल म्हणजे 'चुकवायचं नाही'. झोपेला रंगच नव्हता.

व्हिएन्नात पोचल्यावर तिचा फोन आला.

'मामा, पाय उचलत नाहीयेत.'

'मग झोप.'

'झोपू कशी? आज श्योनब्रुनचा राजवाडा आहे!'

हे तिनं आज गणिताचा पेपर आहे अशा सुरात सांगितलं.

यात तिचा एकटीचा दोष नाही. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना आपण प्रवासाचा आराखडा जोडतो. कुठल्या रात्री कुठल्या गावात, कुठल्या हॉटेलात, तिथून पुढे कशानं. शिवाय किमान तीस हजार युरोचं वैद्यकीय विमाकवच. एकदा हे सगळं सही करून अर्जासोबत दिलं की आपल्याला वाटू लागतं, आपण शपथपत्रच केलंय. मंगळवारी दुपारी संग्रहालयाऐवजी पलंगावर सापडलो तर पोलीस येतील. वास्तविक ऑस्ट्रिया सरकारला आपण मंगळवारी दुपारी घोरत होतो का, यात काडीचा रस नाही. रस असतो तो मावशीला.

वर पैशांचा हिशोब. युरो तेव्हा नव्वदीच्या पुढे होता. खोलीचं भाडं भागिले चोवीस, गुणिले नव्वद. दुपारची तासभर झोप कितीला पडली, ते उशीवर डोकं टेकायच्या आत कळतं आणि मग झोप लागत नाही. ज्या खोलीचे पैसे झोपण्यासाठी मोजले, तिथं झोपणं म्हणजे पैसे वाया घालवणं, हे गणित जगात फक्त आपल्यालाच सुटतं.

शरीराचं घड्याळ निराळंच चाललेलं. उन्हाळी वेळेत व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तेव्हा पोरगी पहाटे साडेतीनला टक्क जागी, कारण घरी उरणात सात वाजलेले. नेमक्या त्याच वेळी इकडून 'शुभ सकाळ'ची फुलं सुटायला लागतात. संध्याकाळी सातला तिकडे अजून उजेड असतो, पण तिचं शरीर म्हणतं साडेदहा झाले, दिवे मालवा. या दुखण्याला साधा उपाय आहे: पहिले दोन दिवस बेत हलका ठेवायचा, सकाळचं ऊन अंगावर घ्यायचं, हळूहळू घड्याळ जुळतं. पण 'पहिला दिवस: ऊन खाल्लं' असं एक्सेलमध्ये लिहायची हिंमत कोणाला होते?

आता गंमत बघा. हीच पोरगी उरणच्या मोरा बंदरावर वाढली. मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच सुटायची वेळ इथं नुसत्या घड्याळावर ठरत नाही. भरती रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा ओहोटीही तितकीच खोल जाते. गाळ उघडा पडतो, लाँच धक्क्याला लागत नाही आणि दोन-दोन तास सेवा बंद. गाळ काढतात, तो पुन्हा येतो. गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीच्या जेट्टीच्या तारखा तर समुद्राला लाजवतील इतक्या पुढे सरकल्या. पावसाळ्यात वारा भडकला की तीन नंबरचा बावटा चढतो. मग लाँच नाही म्हणजे नाही. कोणी हुज्जत घालत नाही. मासळीवाल्या मावशी टोपली खाली ठेवून पानाची चंची सोडतात, कॉलेजची पोरं गाडी फिरवतात, ऑफिसवाला साहेबाला फोन करतो: 'सर, बावटा लागलाय.' साहेब पुढे काही विचारत नाही. जानेवारी २०२४ मध्ये उरणला लोकल आली, अटल सेतूही त्याच दिवशी खुला झाला, तरी लाँच ती लाँच, आणि तिची वाट पाहणं हा इथला जन्मसिद्ध हक्क. धक्क्यावर बसलेल्याला आजवर कोणी विचारलेलं नाही, 'दोन तासांत काय काय पाहिलंस?'

तेच माणूस व्हिएन्नाच्या बाकावर दहा मिनिटं बसलं की गुन्हेगारासारखं इकडेतिकडे बघतं.

घरच्यांची नजर परदेशी पोचायला फोनच लागतो असं नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या. ७ एप्रिलला निघून ४ जूनला न्यूयॉर्क. मूळ बेत नवरा-बायको दोघांनी जायचा होता, तो फिसकटला आणि अठरा वर्षांची मुलगी मिशनरी बायकांच्या सोबतीनं पुढे गेली. फिलाडेल्फियाच्या थंडीत ती डॉक्टरकी शिकत होती आणि इकडून नवऱ्याची, गोपाळरावांची, पत्रं जात होती, पोशाखापासून वागण्यापर्यंत बोल लावणारी. फरक इतकाच, की तेव्हाचा टोमणा पोचायला आठवडे लागत. तेवढ्या वेळात माणूस एखादी झोप काढू शकायचं.

असो. भाचीचा बेत शेवटी तिनं नाही, ढगांनी बदलला. त्या सप्टेंबरच्या मध्याला 'बोरिस' नावाच्या वादळानं मध्य युरोप झोडपला. व्हिएन्नाभोवतीचा लोअर ऑस्ट्रिया प्रांत आपत्तीग्रस्त जाहीर झाला, शहरातल्या मेट्रोचेही काही टप्पे बंद पडले. पश्चिमेकडे जाणारी रेल्वे, म्हणजे हिची हॉलस्टॅटची वाट, पाण्याखाली. नवा जलदमार्ग तर डिसेंबरपर्यंत बंद राहिला. ऑस्ट्रियाच्या रेल्वेनं सांगून टाकलं, शक्यतो प्रवास करू नका. हॉलस्टॅट म्हणजे आठशेचीही वस्ती नसलेलं तळ्याकाठचं गाव, पण त्या एका कोनातल्या फोटोशिवाय ऑस्ट्रिया पाहिल्याचं आपल्याकडे कोणी मान्य करत नाही. ती रडकुंडीला आली.

'मामा, सगळं लाल होतं गं ते. चुकवायचं नाही, असं.' घाबरली की ती मलाही 'गं' म्हणते.

'घरी काय सांगितलंस?'

'अजून काहीच नाही.'

'सांग, बावटा लागलाय.'

पलीकडे क्षणभर काही नाही, मग खो खो हसू. उरणच्या माणसाला एवढं पुरतं.

पुढचं तिनं भराभर उरकलं. रेल्वेचं तिकीट परत केलं. गाडीच रद्द झाली की पैसे मिळतात, फक्त मागावे लागतात. आहे त्याच खोलीत दोन रात्री वाढवल्या. पुढच्या हॉटेलनं पैसे परत द्यायला नकार दिला, ते तिनं खर्ची टाकले. तीस हजार युरोच्या विम्यात आजारपण येतं, हॉलस्टॅट हुकल्याचं दुःख येत नाही. मग ती सलग अकरा तास झोपली. फोन बंद करून, हे महत्त्वाचं. इकडे अनंत चतुर्दशीच्या गडबडीत ती गायब असल्याचं संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. माणसाच्या किमतीचा असा अंदाज अधूनमधून घ्यावा.

दुसऱ्या दिवशी साचलेले कपडे घेऊन ती नाणी टाकून धुवायच्या दुकानात जाऊन बसली. एक आजी विणत होत्या, एक विद्यार्थी पेंगत होता, काचेआड कपडे फिरत होते. तासभर कोणी कोणाशी बोललं नाही. तिनं त्या चकचकीत, ओळीनं मांडलेल्या यंत्रांचा फोटो काढला आणि खाली काही न लिहिता घरच्या ग्रुपवर टाकला.

मिनिटात मावशीचं उत्तर आलं: 'छानच! कुठलं म्युझियम गं हे? तिकीट किती?'